बदललेलं कोपर किती वजन पेलतं?

गुडघा बदललेली माणसं आपल्या ओळखीत सहज सापडतात. कोपराचा सांधा बदललेला माणूस मात्र बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो. त्यामुळे डॉक्टरांनी ‘कोपराचा सांधा बदलावा लागेल’ असं म्हटलं की घरची मंडळी गुडघ्याच्याच हिशेबाने विचार करतात. दुखणं जाईल, दोन-तीन महिने सांभाळावं लागेल आणि मग सगळी कामं पहिल्यासारखी करता येतील, असं त्यांनी धरलेलं असतं. यातली पहिली अपेक्षा बऱ्याच अंशी पुरी होते. शेवटची होत नाही. कोपराच्या रुग्णाशी सगळ्यात आधी बोलायला हवं ते वजन उचलण्याबद्दल, आणि पुष्कळदा हे बोलणं ऑपरेशन होऊन टाके निघायच्या दिवशी होतं. तोवर फार उशीर झालेला असतो.

बाहेरून एकच दिसत असला तरी कोपरात एकाच आवरणाखाली तीन सांधे आहेत. वरून दंडाचं हाड येतं, ह्यूमरस. खालून मनगटाकडची दोन हाडं येतात, अल्ना आणि रेडियस. अल्नाचा खाचेसारखा भाग दंडाच्या हाडाच्या टोकाला कवेत घेतो, त्यामुळे हात वाकतो आणि सरळ होतो. रेडियसचं गोल डोकं जागच्या जागी फिरतं, त्यामुळे तळहात उताणा आणि पालथा होतो. प्रसाद घेताना हात उताणा लागतो, भाकरी थापताना पालथा. ही दुसरी हालचाल गेली की माणसाला आपलं काय अडतंय हे लवकर सांगताही येत नाही. सुटे पैसे हातातून निसटतात, तोंडावर पाणी मारता येत नाही, कुलपातली किल्ली फिरत नाही.

निरोगी कोपर सरळ स्थितीपासून साधारण १४० अंशांपर्यंत वाकतं. पण रोजच्या जगण्याला एवढं लागतं का? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे शल्यविशारद बर्नार्ड मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. ३३ निरोगी माणसांना त्यांनी रोजची १५ कामं करायला लावली आणि कोपरावर कोनमापक यंत्र बसवून नोंदी घेतल्या. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून दिसलं की बहुतेक कामं ३० ते १३० अंशांच्या टप्प्यात होतात, आणि तळहात दोन्ही बाजूंना पन्नासेक अंश फिरला तरी पुरतं. पुढे मोबाइल आला, आणि तो कानाला लावण्यासाठी कोपर याहून थोडं जास्त वाकवावं लागतं असंही आढळलं. तरीही ३० ते १३० हा आकडा आजही कोपराच्या शस्त्रक्रियेचं उद्दिष्ट मानला जातो. हात शेवटपर्यंत सरळ झाला नाही तरी फारसं बिघडत नाही. घास तोंडापर्यंत पोचला पाहिजे, केस विंचरता आले पाहिजेत, ब्लाउजची बटणं लावता आली पाहिजेत.

ही कामं थांबवणारे आजार मोजके आहेत. सगळ्यात जुनं कारण ऱ्हुमॅटॉइड संधिवात. यात शरीराची संरक्षणयंत्रणा सांध्याच्या अस्तरावरच हल्ला करते, अस्तर सुजून जाड होतं, कूर्चा झिजते, पुढे हाडही झिजतं आणि अस्थिबंध सैल होतात. एकेकाळी कोपर बदललेल्यांमध्ये सर्वाधिक रुग्ण याच आजाराचे असत. मेथोट्रेक्सेट आणि त्यानंतर आलेल्या जैविक औषधांनी हे चित्र बदललं. वेळेवर आणि नियमित औषध घेणाऱ्या रुग्णाचं कोपर आता सहसा त्या थराला जात नाही. ऑपरेशन टाळणारी गोष्ट म्हणून या औषधांचं मोल कुठल्याही कृत्रिम सांध्यापेक्षा मोठं आहे. पण आपल्याकडे ‘गोळ्या गरम पडतात’ म्हणून ती मध्येच सोडणारे, किंवा कुणाच्या तरी सांगण्यावरून नुसत्या स्टेरॉइडवर वर्षं काढणारे रुग्ण आजही भेटतात, आणि त्यांचे सांधे वाचत नाहीत.

दुसरं कारण म्हातारपणातलं हाड मोडणं. पाय घसरून पडताना हात टेकला जातो आणि दंडाच्या हाडाचं खालचं टोक तीन-चार तुकड्यांत फुटतं. तरुण माणसात ते तुकडे प्लेट आणि स्क्रू लावून जोडतात आणि तेच योग्य असतं. सत्तरीतल्या ठिसूळ हाडात मात्र स्क्रूला पकडच मिळत नाही. २००९ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी ६५ वर्षांवरच्या ४२ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना प्लेट लावायची आणि निम्म्यांचा सांधा बदलायचा, असं चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवलं होतं. प्लेटच्या गटातल्या पाच जणांचे तुकडे टेबलावर जोडलेच गेले नाहीत, आणि त्यांचाही सांधा बदलावा लागला. दोन वर्षांनी सांधा बदललेल्यांचा हात अधिक चांगला चालत होता. तेव्हापासून वृद्ध माणसाच्या अशा चुरा झालेल्या कोपरात सांधा बदलणं हा पहिल्याच दिवशी विचारात घ्यायचा पर्याय झाला.

तिसरं कारण आपल्या भागात फार दिसतं आणि ते पुष्कळसं टाळता येण्याजोगं आहे. कोपराला मार लागला की अनेक घरांत अजूनही हाड बसवणाऱ्याकडे नेतात. तो तेल लावून जोराने चोळतो, ओढतो, घट्ट पट्टी बांधतो. कोपराच्या पुढचा स्नायू थेट हाडाला चिकटलेला असतो. दुखावलेल्या त्या स्नायूला पुन्हा पुन्हा चोळलं की आत साकळलेल्या रक्ताच्या जागी चक्क हाड तयार होऊ लागतं. मायोसायटिस ऑसिफिकन्स हे त्याचं नाव. काही आठवड्यांत सांधा दगडासारखा घट्ट होतो. शाळकरी मुलाचा हात काटकोनात अडकून बसतो आणि तो घट्टपणा त्याला आयुष्यभर वागवावा लागू शकतो. मार लागलेलं कोपर चोळू नये, घरच्या कुणीही नाही आणि जाणकार म्हणवणाऱ्यानेही नाही. झोळीत हात ठेवून त्याच दिवशी एक्स-रे काढावा, एवढं जरी झालं तरी कित्येक हात वाचतील.

याखेरीज जुना न जुळलेला अस्थिभंग, हिमोफिलियात वारंवार होणारा रक्तस्राव, क्वचित गाठ अशीही कारणं असतात. कोपराचा क्षयही आपल्याकडे आढळतो, पण जंतुसंसर्ग जिवंत असताना कृत्रिम सांधा बसवता येत नाही. आधी तो पूर्ण बरा करावा लागतो.

सांधा बदलण्याआधी काही पायऱ्या असतात आणि चांगला डॉक्टर त्या गाळत नाही. औषधं, व्यायाम, दुर्बिणीतून सुजलेलं अस्तर काढणं, रेडियसचं झिजलेलं डोकं काढणं किंवा तेवढंच बदलणं, आणि तरुण रुग्णात दोन हाडांच्या मध्ये मांडीवरच्या मजबूत पडद्याचा थर बसवणं. हाडं कायमची जोडून टाकण्याचा मार्ग घोट्यात किंवा मनगटात चालून जातो, कोपरात तो जाचक ठरतो. हात कुठल्याही एका कोनात पक्का केला तरी अर्धी कामं अडतातच. जेवायला सोयीचा कोन धुण्यापुसण्याला उपयोगाचा नसतो.

कृत्रिम कोपराचा इतिहास एका अपयशापासून सुरू होतो आणि ते समजून घेतलं की आजची पथ्यंही समजतात. १९७२ साली लंडनचे रॉजर डी यांनी सिमेंटने बसवलेल्या बिजागरीच्या कोपराची माहिती प्रसिद्ध केली. ती बिजागरी पक्की होती, फक्त उघडायची आणि मिटायची. खरं कोपर मात्र वाकताना जरासं डावी-उजवीकडे झुकतं, किंचित पीळही खातं. धातूने ते झुकणं अडवलं की सगळा ताण सिमेंट आणि हाडाच्या जोडावर येतो. पाहता पाहता हे सांधे सैल होऊ लागले. यातून दोन वाटा फुटल्या. जपानचे कूडो आणि एडिनबराचे सूटर यांनी दोन्ही भाग एकमेकांना न जोडता नुसते समोरासमोर बसवले. त्यासाठी रुग्णाचे अस्थिबंध मजबूत असावे लागत, नाहीतर सांधा निखळे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमचे राल्फ कूनराड यांनी बिजागरी ठेवली, आणि पुढे मोरे यांनी ती मुद्दाम ढिली केली. सुमारे सात अंश इकडेतिकडे हलू देणारी ही ‘ढिली बिजागरी’ हाडावरचा ताण आजूबाजूच्या स्नायूंना वाटून देते. कूनराड-मोरे सांधा त्यामुळे जगभर पोचला. आपल्या देशात कोलकात्याचे डॉ. डी. पी. बक्षी यांनी याच तत्त्वावर स्वतःचा सांधा तयार केला, आणि अपघातानंतर घट्ट झालेल्या किंवा सैल पडलेल्या कोपरांवरचे त्याचे निष्कर्ष १९९८ साली ब्रिटिश अस्थिशल्य नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भारतातल्या हाडवैद्यांनी चोळलेल्या, दुर्लक्षित राहिलेल्या कोपरांचं वास्तव समोर ठेवून झालेलं हे काम आहे. त्याची दखल मराठीत फारशी घेतली गेलेली नाही.

प्रत्यक्ष ऑपरेशन साधारण दोन ते तीन तास चालतं. पूर्ण भूल देतात, किंवा मानेजवळ सुई देऊन फक्त हात बधिर करतात. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णाच्या मानेचे मणके सैल असू शकतात, म्हणून भूल देण्याआधी मानेचा एक्स-रे काढणं महत्त्वाचं. दंडाच्या वरच्या भागात पट्टा आवळून रक्तप्रवाह तात्पुरता थांबवतात आणि कोपराच्या मागच्या बाजूने छेद घेतात. यानंतर हाडाला हात लावण्याआधी सर्जन एक नस शोधतो. कोपर कुठे आपटलं की करंगळीपर्यंत ज्या झिणझिण्या जातात, ती ही अल्नर नस. कोपराच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यामागे ती अगदी कातडीखाली असते. जुन्या आजारात ती आजूबाजूला चिकटलेली असते. बोटभर बोटभर मोकळी करत, मऊ रबरी पट्टीने हलकेच बाजूला धरून सर्जन तिला जपतो, आणि शेवटी पुष्कळदा तिची जागाच बदलून तिला पुढच्या बाजूला नेऊन ठेवतो. या एका टप्प्यात घाई झाली तर सांधा कितीही सुंदर बसला तरी रुग्णाच्या हाताची पकड कायमची जाऊ शकते.

त्यानंतर हात सरळ करणारा ट्रायसेप्स हा मोठा स्नायू. काही पद्धतींत तो अल्नापासून सोडवून बाजूला करतात आणि शेवटी हाडाला भोकं पाडून पुन्हा शिवतात. काहींत तो जागचा न हलवता दोन्ही बाजूंनी काम करतात. मग झिजलेली टोकं कापून दंडाच्या हाडाच्या आणि अल्नाच्या पोकळीत जागा करतात, अँटिबायोटिक मिसळलेलं सिमेंट भरतात आणि त्यात धातूचे दांडे बसवतात. सिमेंट दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं. दोन्ही दांडे एका खिळीने जोडले जातात. खिळीभोवती टणक प्लास्टिकची, पॉलिएथिलीनची, बुशिंग असते. झिजायचं तर पहिल्यांदा तीच झिजते.

आता वजनाकडे येऊ. काटकोनात वाकवलेल्या हातात पाच किलोचं भांडं धरलं आहे असं समजा. भांडं तळहातावर, म्हणजे कोपरापासून सुमारे ३५ सेंटिमीटरवर आहे. ते पेलणारा बायसेप्स स्नायू मात्र सांध्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला आहे. अंतर सातपट कमी, म्हणून स्नायूला सातपट जोर लावावा लागतो, ३५ किलोचा. त्यातून भांड्याचे पाच वजा केले तरी सांध्यावर तीसेक किलोचा दाब येतो. हाताचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही. निरोगी हाड आणि कूर्चा हे रोज सहन करतात आणि रोज स्वतःची दुरुस्तीही करतात. सिमेंटला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही.

म्हणून कोपर बदललेल्या हाताने पुन्हा पुन्हा उचलायचं वजन साधारण एक किलोच्या आत, आणि कधी तरी एकदा उचलायचं वजन पाच किलोच्या आत ठेवायला सांगतात. हा नियम सहा महिन्यांपुरता नाही, जन्मभराचा आहे. घरात याचा अर्थ काय होतो ते बघा. भाजीची लहान पिशवी चालेल. दहा किलो पिठाची पिशवी नाही. काठोकाठ भरलेला मोठा कुकर नाही, पाण्याने भरलेली कळशी नाही. घरगुती सिलिंडरमध्ये नुसता गॅसच १४.२ किलो असतो, तेव्हा त्याला त्या हाताने हात लावायचा नाही. वर्षभराचं नातवंड आठ-नऊ किलोंचं असतं. ते मांडीवर कुणीतरी आणून द्यावं. हातोडा मारणं, लाकूड फोडणं, कुदळ, बॅट, रॅकेट, सगळं बंद.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे जिचा परदेशी पुस्तिकांत उल्लेखही नसतो. आपण जमिनीवर बसतो आणि उठताना हात टेकतो. पंगतीतून उठताना, देशी संडासातून उठताना, खाली अंथरलेल्या गादीवरून उठताना, दर वेळी शरीराच्या वजनाचा मोठा हिस्सा कोपरावर येतो. सांधा बदलल्यावर हे सोडावं लागतं. म्हणून ऑपरेशनच्या तारखेआधीच घरात उंच पलंग, कमोड आणि पुरेशी उंच खुर्ची यांची सोय करावी. एसटीत वरचा दांडा धरून उभ्याने प्रवास करणंही त्या हाताला नको.

याच कारणाने, गुडघा आणि कोपर दोन्ही बदलायचे असतील तर बहुधा गुडघा आधी करतात. गुडघ्यानंतर वॉकर किंवा कुबडी लागते आणि तिचा भार हातावर येतो. कोपर आधी बदलून मग वॉकरवर जोर दिला तर नवा सांधा महिन्यांत ढिला होऊ शकतो.

ऑपरेशननंतर हात काही दिवस सरळसर स्थितीत पट्टीत आणि उशांवर उंच ठेवतात, कारण मागची कातडी पातळ असते आणि सूज वाढली की जखम उसवते. बोटं आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलवायचे. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. ट्रायसेप्स सोडवून पुन्हा शिवलेला असेल तर जोर लावून हात सरळ करणं, दार ढकलणं, खुर्चीच्या हातावर भार देऊन उठणं सुमारे सहा आठवडे पूर्ण वर्ज्य असतं. हात वाकवण्याचा व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे करावाच लागतो. संधिवाताची काही जैविक औषधं ऑपरेशनच्या आधी काही काळ थांबवतात. कुठली थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची हे संधिवाताच्या डॉक्टरांनी ठरवावं, स्वतःच्या मनाने नाही.

धोके लपवण्यात अर्थ नाही. गुडघा किंवा खुब्याच्या मानाने कोपरात जंतुसंसर्गाचं प्रमाण जास्त आहे, कारण सांध्यावर मांसाचं आच्छादन जवळजवळ नसतंच. अल्नर नस दुखावून करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होणं, ट्रायसेप्स निसटणं, बुशिंग झिजणं, दांड्याच्या टोकाशी हाड मोडणं, सांधा सैल होणं, हे सगळं घडतं. तरीही योग्य रुग्णात निकाल मनापासून समाधान वाटावं असे आहेत. मेयो क्लिनिकच्या ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांमध्ये दहा वर्षांनी नव्वद टक्क्यांहून थोडे अधिक सांधे जागच्या जागी होते. अपघातानंतर सांधा बदललेल्या तरुण रुग्णांमध्ये हा आकडा खाली येतो, कारण त्यांचा हात जास्त वापरला जातो आणि दुखत नसल्यामुळे मर्यादेचा विसरही पडतो.

म्हणूनच चाळिशीतल्या शेतकऱ्याला, हमालाला किंवा गवंड्याला हा सांधा सुचवताना सर्जन कचरतो, आणि त्याचं कचरणं बरोबर असतं. ज्या हातावर घर चालतं त्या हाताला एक किलोची मर्यादा घालणं म्हणजे काम बदलायला सांगणं आहे. अशा माणसाला थोडं दुखणं उरलं तरी स्वतःचा सांधा वाचवणारा मार्ग आधी दाखवला पाहिजे. उलट, वर्षानुवर्षं संधिवाताने हैराण झालेल्या, घास तोंडापर्यंत न पोचणाऱ्या बाईला पाच किलोची मर्यादा ही अडचण वाटत नाही. तिने एवढं वजन कित्येक वर्षांत उचललेलंच नसतं. मेयोच्या गुणपद्धतीत कोपराला शंभरपैकी गुण देतात आणि त्यातले ४५ गुण एकट्या वेदनेचे असतात. ही शस्त्रक्रिया आधी वेदना घालवते, मग हालचाल देते. ताकद देत नाही.

हे ऑपरेशन क्वचित होतं, त्यामुळे कुणाकडून करून घ्यायचं हा प्रश्न गुडघ्यापेक्षा इथे महत्त्वाचा. इंग्लंडमध्ये वर्षाला गुडघे लाखाच्या घरात बदलतात, कोपरं काहीशेच. तिथे २०१२पासून प्रत्येक बदललेल्या कोपराची राष्ट्रीय नोंदणीपटावर नोंद होते आणि ही कामं मोजक्या अनुभवी केंद्रांकडे नेण्याचा आग्रह धरला जातो. आपल्याकडेही रुग्णाने संकोच न करता विचारावं: तुम्ही आतापर्यंत किती कोपरं बदललीत? माझ्या कामाला हा सांधा पुरेल का? बिघडला तर पुढचं ऑपरेशन इथेच होईल का? खर्चाचंही आधी विचारावं. केंद्र सरकारने २०१७ साली गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, पण ती गुडघ्यापुरती होती. विमा किंवा सरकारी योजनेत कोपर बसतं का, हे लेखी घेतलेलं बरं.

ज्यांनी कोपर बदलून घेतलं आहे त्यांना एक विनंती. सांध्याचं नाव आणि तारीख असलेलं कार्ड जपून ठेवा, दात काढण्याआधी किंवा कुठेही गळू झालं तर सांधा बदलल्याचं डॉक्टरांना सांगा, आणि दुखत नसलं तरी सर्जन सांगेल त्या वेळी, बहुधा वर्षातून एकदा, एक्स-रे काढा. सैल होणारा सांधा सुरुवातीला दुखत नाही, आणि बुशिंग झिजल्याचं वेळेत कळलं तर दांडे न काढता नुसती बुशिंग बदलून भागतं.